आईच्या हातची गोळी

मनकर्णाबाईनं लेकाला आपली किडनी दिली, त्याला दोन वर्षं झाली होती. गोपाळनं एकही गोळी चुकवली नव्हती. दोन्ही वेळा आईच हातावर ठेवायची. तरी आज डॉक्टर म्हणाले, "औषध रक्तात दिसतच नाही. शरीर किडनी नाकारतंय."

तो तसाच अमडापूरला घरी आला. "आई, कोन्त्या गोळ्या देऊन राह्यली तू मले?"

"ताकदीच्या. महिना झाला. त्या जुन्या गोळ्यायनं अंगातली ताकद मरते, असं मोबाईलवर पाह्यलं मी."

गोपाळनं तिचा हात धरला. "ते ताकद दाबून ठेवली, तरच तुही किडनी माह्या अंगात टिकते, आई!"

मनकर्णाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"मंग माही दुसरी घेत नाहीत का रे, राजा?"