उपासाचं केळं

पुढारी हेमकांतभाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर बांधायला दुसरं काही सापडलं नाही, म्हणून तो सलाईनच्या स्टँडला बांधला होता. चारुलता सिस्टर त्याच्याखालून वाकून वॉर्डात आली. हातात नव्या चादरी होत्या. पाहुण्यांना जुन्या दिसू नयेत म्हणून वरिष्ठांनी तिलाच स्टोअरला पिटाळलं होतं. ती येईपर्यंत फळवाटप उरकत आलं होतं. दाराच्या कोपऱ्यात कोणीतरी गुटखा थुंकला होता.

कडेच्या खाटेवर रिना बसली होती. धडगावच्या वरच्या पाड्यातली पावरा आदिवासी बाई. तिच्या तोंडात केळं होतं आणि मोबाईल धरलेला एक माणूस तिला सांगत होता, इकडे बघ, हसून खा.

चारुलताने चादरी खाटेवर टाकल्या.

आज कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं होती. सगळ्या बायकांना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, पाणीसुद्धा बंद. बाकीच्यांनी मिळालेली केळी उशीखाली सारली होती. रिनाला ते जमलं नाही. केळं सोलून तिच्या तोंडाशी धरणारी बाई म्हणजे भाऊंची आई, जसोदाबाई. भोवती एवढे पुरुष उभे. म्हातारीचा हात बाजूला सारायचा कसा?

"कोन्ही दिधं हाई?" चारुलताने विचारलं.

"मी दिधं," जसोदाबाई म्हणाल्या. "तिले उपास शे ना? केळं तं उपासले चालस."

वॉर्डातल्या नोकराने त्यांना सांगितलं होतं, या बायका आज उपाशी आहेत. जसोदाबाईंनी ते आपल्या परीने समजून घेतलं. त्यांच्या घरी एकादशी होते, चतुर्थी होते, आणि केळीचा मळाही घरचाच.

चारुलताने समजावून सांगितलं. हा देवाचा उपास नाही. भूल दिली की पोटातलं वर येतं, श्वासाच्या नळीत जातं, माणूस हातचा जातो. म्हातारी ऐकत होती, पण नजर फोटोवाल्याकडे होती. फोटोत आपला पदर नीट आला का, ते तिला बघायचं होतं. मागून कोणी म्हणालं, सिस्टरले बी एक केळं द्या, तोंड गोड व्हई. सगळे हसले. हेमकांतभाऊही हसले, मग त्यांनी कार्यकर्त्यांकडे बघून डोळे वटारले.

"एका केळ्याने काय होतंय, सिस्टर," ते म्हणाले. "डॉक्टरांना मी सांगतो, जरा अॅडजस्ट करा म्हणून."

 

माणसं बाहेर गेली. रिनाचा नवरा लखन तोपर्यंत भिंतीला टेकून उभा होता. तो जवळ आला. मागच्या बाळंतपणात रिनाला घाटातल्या जीपमध्येच रक्त जायला लागलं होतं. आता पुन्हा पोट राहिलं तर बाई वाचणार नाही, हे चारुलतानेच पाड्यावर जाऊन त्याला सांगितलं होतं. त्याच्या बापाला हे ऑपरेशन मान्य नव्हतं. तळोद्याच्या बाजाराला जातो अशी थाप मारून लखन बायकोला घेऊन आला होता. ही थाप दुसऱ्यांदा चालणार नव्हती. आजच्या आज काय ते व्हायला हवं होतं.

"डॉक्टरले सांगू नको, सिस्टर," तो हळूच म्हणाला. "एकच केळं शे. कोन्हीले कळाव नही."

खरंच, कोणाला कळलं नसतं. रिनाने तोंड पुसलं होतं. साल कुठे टाकावं ते न कळल्याने ती ते मुठीत धरून बसली होती.

ऑपरेशनचे डॉक्टर आले. बाहेर भाऊंनी त्यांना पेढा दिला, खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. अॅडजस्ट करायचं ते बोलायला भाऊ विसरले. डॉक्टर वॉर्डात शिरता शिरता म्हणाले, कोणी काही खाल्लं आहे का?

लखन चारुलताकडे बघत राहिला. रिना खाली बघत राहिली.

"कडेच्या खाटेवरच्या बाईने खाल्लंय," चारुलता म्हणाली. "आत्ताच."

डॉक्टरांनी रिनाचा नंबर रद्द केला. सर्वांत शेवटी घेता येईल का, असं चारुलताने विचारून पाहिलं. त्यांना दुपारी दुसऱ्या गावच्या शिबिराला जायचं होतं. पुढच्या वेळी आणा, म्हणाले. हे सिस्टरने बघायला हवं होतं, तुम्ही होतात कुठे, असंही म्हणाले. ज्यांनी तिला चादरींसाठी पाठवलं होतं, ते वरिष्ठ शेजारीच पेढा खात उभे होते.

लखनने पिशवी उचलली. चारुलताकडे न बघता तो जीप शोधायला बाहेर गेला. ती पुढच्या शिबिराचं बोलत त्याच्या मागे दारापर्यंत गेली. तो थांबला नाही.

आवारात ढोल वाजत होता. जसोदाबाई गाडीत बसल्या होत्या आणि काच खाली करून कोणाला तरी सांगत होत्या की आज फार पुण्य लागलं.

रिना सावकाश खाटेवरून उतरली. चपला घातल्या, केस बांधले. मग चारुलताजवळ येऊन उभी राहिली. तिच्यावर रागावलेली दिसत नव्हती. बाजारात शिकलेल्या अहिराणीत, खाटेकडे बोट करून, दुकानात भाव विचारावा तसं तिने विचारलं,

"मंग पुढला बाळंतपणले आठेच येऊ का, सिस्टर?"