चार बोटं खाली

चौथ्या फेरीच्या सुरुवातीलाच बापाने लेकाच्या बरगडीत असा ठोसा हाणला, की सोफ्यावर बसलेल्या आईने डोळेच मिटून घेतले.

“अगं, चित्र आहे ते,” शेजारी बसलेला बाप हसत म्हणाला. “खरा मी इथे बसलोय.”

खरा लेकही तिथेच होता, सोफ्याला टेकून जमिनीवर पाय पसरून. टीव्हीवरची लढत कॉम्प्युटरने तयार केली होती. एका बाजूला तीस वर्षांपूर्वीचा हेवीवेट विजेता, दुसऱ्या बाजूला आजचा तरणाबांड आव्हानवीर. जुने बॉक्सर भारी की नवे, हा वाद सलूनपासून बँकेच्या रांगेपर्यंत कुठेही रंगायचा. त्यात जुना आणि नवा एकाच घरात सापडले, म्हणजे चॅनेलवाल्यांची चंगळच. कॉम्प्युटरने बापाला गेलेले केस परत दिले होते आणि पोट काढून घेतलं होतं. तेवढ्यापुरतं आईलाही हसू आलं होतं.

या वादात तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. खरं तर दोन्ही काळ इतक्या जवळून पाहिलेली ती एकटीच. आधी नवऱ्याच्या लढतींना ती पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसली, आता लेकाच्या लढतींना बसत होती. हातमोजे बदलले, दिवे बदलले, तिकिटं महागली. तिची भीती होती तशीच राहिली.

आणि येत्या शनिवारी तर लेकाची गाठ हातोड्याशी होती. सध्याच्या विजेत्याला सगळे हातोडाच म्हणायचे. गेल्या वर्षी त्याने ज्याला आडवा केला, तो धिप्पाड गडी अजून बायकोच्या हाताने जेवत होता. आई त्याला भेटायला गेली होती. तो तिच्याकडे बघून गोड हसला आणि बायकोला विचारू लागला, ही कोण म्हणून. पूर्वी तो आठवड्यातून एकदा तरी हिच्या घरी येऊन पोटभर जेवून जायचा. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“आई, मला बाबांनी तयार केलंय,” लेक तिला सांगायचा. “त्यांच्या नजरेतून काही सुटतं का? मग कशाला घाबरतेस?”

या एका वाक्याच्या आधारावर ती दिवस ढकलत होती. नवऱ्याची नजर तिलाही ठाऊक होती. समोरच्याचा खांदा हलला, की पुढचा ठोसा कुठून येणार ते तो आधीच सांगायचा.

पाचवी फेरी लेकाने खेचून नेली. बाप सोफ्यावर चुळबुळायला लागला.

“आमच्या वेळी असं नाचणाऱ्याला उभं राहू देत नव्हते कोणी.”

“बाबा, हरताय तुम्ही,” लेक म्हणाला.

“थांब जरा.”

सहाव्या फेरीत लेकाने उजव्या हाताचे दोन ठोसे पाठोपाठ मारले. टीव्हीवरचा बाप जणू याचीच वाट पाहत होता. त्याचा उजवा हात आला आणि थेट लेकाच्या जबड्यावर डाव्या बाजूला बसला. लेक झाड पडावं तसा पडला, आणि उठला नाही.

निवेदकाला चेव आला. तोच क्षण त्याने हळू करून पुन्हा दाखवला, लेकाच्या डाव्या हाताभोवती लाल गोल काढून. “नीट पाहा! उजव्याचे दोन ठोसे मारले की याचा डावा हात चार बोटं खाली येतो. जबडा उघडा पडतो. आणि हे आमच्या कॉम्प्युटरने शोधलेलं नाही बरं का. ही खुद्द याच्या वडिलांची नजर!”

बापाने मांडीवर थाप मारली. “चॅनेलवाले चहा पाजून विचारत होते, तुम्ही याला कसं पाडलं असतं म्हणून. दाखवलं करून!”

आईला हातोडा आठवला. टीव्ही त्याच्या घरीही होता.

ते बापाच्याही लक्षात आलं असावं. त्याचा हात मांडीवर तसाच राहिला. लेक उठून उभा राहिला. त्याने हवेत उजव्याचे दोन ठोसे मारले आणि मान वळवून डाव्या हाताकडे पाहिलं. हात खाली आला होता. त्याने पुन्हा मारून पाहिले. हात पुन्हा खाली.

“अहो, शनिवारपर्यंत ही सवय मोडेल ना?” आईने विचारलं.

“वर्ष जातं मोडायला,” बाप पुटपुटला.

“मग लढायचं नाही. मी सांगतेय.”

“चार वर्षं थांबलोय मी या लढतीसाठी, आई. माघार घेतली तर पुन्हा दारात कोण उभं करणार आहे?” लेक तिच्याशी बोलत होता, पण बघत होता बापाकडे. “बाबा, तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?”

“तू शाळेत होतास तेव्हापासून.”

पडद्यावर रेफ्रीने तरुण बापाचा हात उंच धरला होता आणि खोटी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

“त्यांना एका चहावर सांगितलंत,” लेक म्हणाला. “मला का नाही सांगितलं?”

बापाने पडद्यावरची नजर काढली नाही.

“सांगितलं असतं तर तू मला हरवलं असतंस.”