बॅटरी टिकली

श्रीरंगरावांच्या मोबाइलमधली कंपनीची सिस्टीम काढून त्यांच्या मुलाने, सुधन्वानेच ओपन सोर्स घातली होती. कुणाची पाळत नको, हा त्याचा आग्रह. बाकी सगळं ठीक चालायचं, पण व्हिडिओ लावला की फोन तापायचा आणि बॅटरी बघता बघता संपायची.

"जरा बघ ना रे," दिल्लीतल्या द्वारकेहून बाबांचा फोन यायचा. "तुझ्या आईचे व्हिडिओ मधेच बंद पडतात."

"चार्जिंगला लावून बघा ना बाबा."

"प्लग आत आहे. गॅलरीत उन्हात जरा बरं दिसतं."

"अच्छा, येतो शनिवारी."

असे कितीतरी शनिवार गेले. गुडगावचं ऑफिस सोडत नव्हतं, आणि आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आता घाई कसली, असं त्याला वाटायचं.

अखेर एका रविवारी तो आला. गॅलरीत बाबांशेजारी बसला आणि मान वर न करता सॉफ्टवेअरची नवी दुरुस्ती फोनमध्ये टाकून व्हिडिओ लावला. आई पडद्यावर हसत-बोलत राहिली. फोन तापला नाही, बॅटरीही जेमतेम उतरली.

"घ्या बाबा, आता हवं तेवढं बघा."

श्रीरंगरावांनी फोन कानाशी नेला. "छान. आवाज अगदी स्वच्छ येतोय."

"अहो, कानाला काय लावता?"

"काचबिंदू आहे रे. नजर जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. म्हणून तुझ्या मागे लागलो होतो." मग त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. "ती कुठली साडी नेसलीये, तेवढं सांग."