पाइपवरचे ठोके

पाय निघेना. खोट्या खडकामागच्या तुटक्या जाळीत तिची टाच अडकली होती. ओढावी तितकी जाळी आवळत होती. मत्स्यालयाच्या काचा घासायला ती रोज टाकीत उतरायची आणि दर दोन दिवसांनी सुरी वर बाकावर विसरायची. आज ते अंगाशी आलं. हवेचा काटा लाल पट्टीत गेला होता. फार तर सहा मिनिटं.

टाकीत पाच शार्क होते. धडपडलं की त्यांना जखमी मासा वाटतो. म्हणून हलायचं नाही, पाठ दाखवायची नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा. हे सगळं बाबांनी शिकवलेलं. बाबा इथले जुने पाणबुडे, आता शार्कना खाऊ घालायचं काम करत. त्या पाचांना ते 'पोरं'च म्हणत.

हाताशी लोखंडी पाइप होता. पण त्यावर ठोके म्हणजे पोरांना जेवणाची हाक. ती सवयही बाबांनीच लावलेली. ठोकलं की पाचही धावून येणार, बाबा मात्र येणार नाहीत. ते वर बाकावर बसले होते खरे, पण वर्षभरापासून त्यांना ठार ऐकू येत नव्हतं. नोकरी जाईल म्हणून तिनेच ते साहेबांपासून झाकून ठेवलं होतं. आता भोगा!

काटा आणखी खाली आला. बुडत्याला काडीचा आधार. तिने घासणीच्या दांड्याने पाइपवर तीन ठोके मारले. मग पुन्हा तीन.

ते आले. पाचही. सगळ्यात मोठ्याने तिच्या सिलिंडरला नाकाने ढोसलं. चावण्याआधी ते असंच चाचपून बघतात. तिला रडू फुटलं, पण तिने नजर हलवली नाही. श्वास ओढला, तर निम्माच आला.

तेवढ्यात घोट्याशी कुणाचातरी हात लागला. हातात सुरी होती.

काठावर ती कितीतरी वेळ खोकत राहिली. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

बाबांनी तिच्या ओठांवरून ओळखलं. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं.

"मला कसलं ऐकू येतंय? पण पाचही पोरं अवेळी त्या कोपऱ्याकडे पळाली. जेवायला बोलावणारा मी तर इथं वर बसलोय. मग त्यांना हाक मारली कुणी?"