निळं रबरी पिस्तूल

“खरं पिस्तूल माझ्या कपाटात राहील,” पिस्तूल चालवायला शिकवणारा रॉइस हॅटली म्हणाला, “आणि तुमच्या कमरेला हे.” त्याने निळ्या रबराचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. “याच आठवड्यात परीक्षा. कधी, कुठे, ते सांगणार नाही. समोर हाणामारी होईल, तुम्ही सोडवायची.”

“या वेळी सोंगं कोणाची?” व्हर्लीनबाईंनी विचारलं.

“शेजारच्या गावातल्या नाटकवाल्यांची. तुम्ही कधी पाहिलेली नाहीत अशी दोन माणसं.”

व्हर्लीन स्टॉट्सबाईंचं ओक्लाहोमात हमरस्त्याला गोधड्यांच्या कापडाचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवायच्या. जवळ पिस्तूल बाळगायच्या, पण टल्सा शहरात राहणाऱ्या मुलाचा त्या पिस्तुलावर भरवसा नव्हता आणि आईवर त्याहून नव्हता. “रॉइसची परीक्षा पास हो,” त्याने बजावलं होतं, “नाहीतर दुकान विकायचं आणि मुकाट्याने माझ्याकडे यायचं.” बाईंनी शब्द देऊन ठेवला होता. सुनेच्या घरात दिवसभर टीव्हीसमोर बसायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

गेल्या खेपेला त्या सपशेल नापास झाल्या होत्या. एकजण दुसऱ्याच्या छातीवर बसलेला दिसला आणि बाईंनी मागचापुढचा विचार न करता वरच्या माणसावर रबरी पिस्तूल रोखून “ठो!” केलं. वरचा निघाला दुकानाचा मालक, खालचा चोर.

“अभिनंदन, बाई,” रॉइस म्हणाला होता, “भला माणूस मारलात. आधी कोण कोण आहे ते बघा. मग जीव जातोय का ते बघा. तोंडाने भागत असेल तर पिस्तुलाला हात लावू नका. आणि लांब उभ्या राहा.”

गुरुवारी दुपारी ओपल क्रेब्स कापड बघत होती. चर्चमध्ये ती बाईंच्या शेजारी उभी राहून मुद्दाम वरच्या पट्टीत गायची. पंचवीस ठाणं उलगडून झाली तरी तिला एकही निळा पसंत पडेना. एक ठाण उजेडात बघायला म्हणून ती मागच्या दाराशी गेली आणि किंचाळलीच.

“अगं बाई! व्हर्लीन! मागे मारतायत एकाला!”

“आली का परीक्षा!” व्हर्लीनबाईंनी कात्री ठेवली, केस सारखे केले आणि लगबगीने बाहेर आल्या.

मागच्या अंगणात गाड्या लावायच्या जागेत एक दाढीवाला हातात लोखंडी कांब घेऊन खाली पडलेल्या दुसऱ्याला बडवत होता. बाई आपल्या गाडीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. रॉइस इथेच कुठेतरी दडून ऐकत असणार, म्हणून त्या मोठ्याने बोलू लागल्या.

“वरच्याच्या हातात कांब आहे! खालच्याचे हात रिकामे! खालचा म्हणतोय, गाडी घे पण मारू नकोस! म्हणजे चोर वरचा!”

दाढीवाल्याने वळून पाहिलं.

“ओपल, पोलिसांना फोन कर!” बाईंनी फर्मावलं. ओपल फोनवर “लवकर या हो!” म्हणून ओरडू लागली. हीसुद्धा रॉइसला सामील! बाईंना कौतुकच वाटलं.

“आत जा, म्हातारे!” दाढीवाला गुरगुरला.

“अरे, जरा मोठ्याने! पुटपुटतोस काय?” बाई हसल्या. त्यांनी अंगावरचं जाकीट बाजूला सारून हात कमरेजवळ नेला, पण पिस्तूल काढलं नाही. “दाढी काय मस्त चिकटवलीयस रे! काम झकास करतोस, पण आता बास. कांब खाली टाक. गुडघे टेक. हात डोक्यावर. शाब्बास, हळू घे.”

दाढीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. बंदुका त्याने पुष्कळ पाहिल्या असतील, पण ही बाई घाबरत तर नव्हतीच, वर हसत होती. तेच त्याला झेपलं नाही. कांब खणकन पडली आणि तो गुडघ्यांवर बसला.

शेरीफचा पोलीस येईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. बेड्या पडल्यावर मगच त्या खालच्या माणसाजवळ गेल्या आणि ओपलच्या हातातलं निळं कापड त्याच्या कपाळावर दाबून धरलं. कपाळावरचा लाल रंग चांगला कोमट होता. कसं जमवतात कोण जाणे!

“बाई, तुम्ही होतात म्हणून वाचलो!” त्याने बाईंचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं.

“तूही काही कमी नाहीस हो,” बाई त्याला थोपटत म्हणाल्या. “रडलास तर अगदी खराखुरा.”

शेरीफचा पोलीस टोपी काढून म्हणाला, “मिसेस स्टॉट्स, इतकी वर्षं नोकरी केली, पण असं धाडस कोणाचं पाहिलं नाही.”

बाईंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. दुकान वाचलं! मुलाला आत्ताच फोन करून जरा टोमणे मारायचे, असं ठरवून त्या उठल्या.

तेवढ्यात धूळ उडवत रॉइसची गाडी अंगणात शिरली. मागच्या बाजूने दोन अनोळखी माणसं उतरली. एकाच्या हातात रक्त म्हणून लावायची टोमॅटो सॉसची बाटली होती, दुसरा हनुवटी दाबून धरून उभा होता.

“माफ करा, बाई,” रॉइस खिडकीतून ओरडला, “याची दाढी काही केल्या चिकटेना, म्हणून उशीर झाला. करायची का परीक्षा सुरू?”