कोपराचा तुकडा

"अगं, कोपराशी येऊन अडलंय हे," बाई म्हणाल्या. "जरा चष्मा दे."

लेकीने चष्मा दिला आणि लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. सकाळपासून दोघी मिळून मिस्त्रींचा बाटलीहिरवा स्वेटर उसवत होत्या. पाठ झाली, पोट झालं, डावी बाही झाली. लोकर सुरसुर येत होती ती उजव्या कोपराशी एकदम थांबली.

बाईंचे यजमान मिस्त्री जाऊन तीन महिने झाले होते. पंपघरातली नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती, आणि एका सकाळी छातीत कळ आली ती शेवटचीच. बाकीचे कपडे बाईंनी देऊन टाकले. हा स्वेटर तेवढा हातातून सुटेना.

बाईंनी उभ्या जन्मात सगळ्या गोतावळ्यासाठी विणलं. गल्लीतल्या निम्म्या पोरींना विणायला शिकवलं. स्वतःच्या अंगावर मात्र कायम तीच जुनी शाल. संध्याकाळी त्या विणत बसल्या की टेबलापलीकडे मिस्त्री पेपर उघडून बसायचे आणि पेपर सोडून यांच्याच हातांकडे बघत टोकायचे, "एक स्वतःसाठी विण की. जगाची थंडी घालवतेस आणि आपण कुडकुडतेस." बाई म्हणायच्या, "विणीन हो, सवडीने. आणि विणलाच तर चांगला मोरपंखी विणीन."

आता सवडच सवड होती. मोरपंखी काही नको, त्यांच्याच लोकरीचा एक स्वतःसाठी विणायचा आणि मरेपर्यंत तोच घालायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

"गाठ आहे का?" लेकीने विचारलं.

बाईंनी कोपर खिडकीकडे धरलं. तळहाताएवढा तुकडा दुसऱ्याच लोकरीचा होता. रंग हुबेहूब, चार दुकानं पालथी घालून जुळवलेला. पण हात बाईंचा नव्हता. एकूण एक टाका पायाशी पिळलेला. सुईवर दोरा उलटा घेतला की असं होतं. समोरून बघून शिकलेल्यांची ही हमखास चूक, म्हणून तर बाई पोरींना नेहमी शेजारी बसवायच्या.

"हे मी विणलेलं नाही."

"मग बाबांनी बाहेर रफू करून घेतलं असेल."

"रफू पैसे टाकून होतं. हे कुणीतरी जीव लावून विणलंय."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सदऱ्याचं बटण तुटलं तरी बायकोसमोर येऊन उभा राहणारा माणूस. त्याचा स्वेटर फाटला, कुणीतरी तो सांधला, आणि घरात अवाक्षर नाही.

मिस्त्रींबरोबर पंपघरात एकच बाई होती. ती मीटरचे आकडे लिहून घ्यायची, म्हणून सगळे तिला मीटरवाली म्हणत. मिस्त्री गेले त्या दिवशी ती दारात उभी राहून रडत होती, जरा जास्तच. आणि तिच्या पिशवीतून सुया डोकावत होत्या.

बाईंना आधी राग नाही आला, लाज वाटली. एकतीस वर्षांचा संसार, आणि आपल्याला एवढंही कळू नये!

दुसऱ्या दिवशी कोपराचा तुकडा कापून त्यांनी रुमालात बांधला. जाताना बरं काहीतरी घालावं म्हणून कपाट उघडलं. अंगाला नीट बसणारा एकच करडा ब्लाउज होता, तोही गेल्या हिवाळ्यात दोरीवरून उडून गेलेला. तेव्हा मिस्त्रींनी बिचाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या छपरापर्यंत शोधला होता. आता ती आठवणही बाईंना टोचली. शाल गुंडाळून त्या निघाल्या.

पंपघरात पाइपांची घरघर चालू होती. भिंतीशी दोन टेबलं होती. एक रिकामं, दुसऱ्यावर मीटरवाली मोजा विणत बसली होती. बाईंना बघून ती गडबडून उठली.

"या ना बाई, बसा."

"बसायला नाही आले." बाईंनी रुमाल सोडला. "हे ओळखता?"

मीटरवालीने तुकडा हातात घेतला. तिचे डोळे भरून आले.

"ओळखते."

"लोकर कुणी आणली?"

"मी आणली. रंग जुळेना म्हणून तीनदा परत केली."

"किती दिवस चाललं होतं हे?"

"दोन हिवाळे." मीटरवालीने मान खाली घातली. "दुपारी पंप बंद असला की तासभर. मला शपथ घातली होती हो. कुणालाही सांगू नका, आणि घरी तर मुळीच नाही."

बाई ओरडायचं ठरवून आल्या होत्या, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "माझं काय चुकलं?"

"तुमचं? अहो, असं काय बोलता!"

बाईंची नजर टेबलावरच्या मोज्यावर गेली. सवयीने त्यांनी तो उचलला, उजेडात धरला. टाके सरळ होते. एकही पिळलेला नव्हता.

"हा हात तुमचा?"

"हो."

"मग तो तुकडा तुम्ही विणलेला नाही."

"मी कधी म्हटलं मी विणला?"

"मग कोण आहे ती?" बाईंचा आवाज फाटला. "नाव सांगा तिचं. मी भांडणार नाही. मला फक्त कळू दे."

मीटरवाली मिस्त्रींच्या रिकाम्या टेबलाशी गेली आणि खालचा खण जोर लावून ओढला.

"मीच आणून देणार होते," ती म्हणाली. "पण अर्धवट राहिलेलं कसं द्यायचं, धीरच झाला नाही."

खणात सगळ्यात वर बाईंचा करडा ब्लाउज होता, नीट घडी केलेला, खांद्यांवर मापाच्या टेपची गुंडाळी. आणि त्याखाली, दोन सुयांवर तशीच अडकलेली, मोरपंखी लोकरीची अर्धी पाठ. तिचा एकूण एक टाका पायाशी पिळलेला होता.