बॅच नंबर

चाकणच्या कंपनीत नवनाथ दिवसभर पार्ट तपासायचा, त्यामुळे संशय घेणं त्याच्या अंगात मुरलेलं. बायकोला, दिव्याला, रोजच्या गोळीमुळे चार वर्षांत फिट आली नव्हती. काळेवाडीच्या दुकानातली स्वस्त जेनेरिक गोळी सुरू केली आणि महिन्याभरात दोनदा फिट आली. "व्हेंडर बदलला की माल बिघडतोच," असं म्हणत तो दुकानदाराशी कडाकडा भांडला आणि जुन्या कंपनीची गोळी परत घेऊन आला.

तिसरी फिट आली, तेव्हा संशय दिव्यावर वळला. रोज समोर उभा राहून तो तिला गोळी गिळायला लावायचा, वर तोंड उघडून दाखव म्हणायचा.

"अहो, घेतेय ना मी," ती रडवेली व्हायची.

रक्ततपासणीत औषध हवं त्याच्या निम्मंच निघालं. नवनाथनं दोन्ही गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप बॅच नंबरांसकट डॉक्टरांपुढे मांडल्या. "यातली खोटी कुठली, तेवढं सांगा."

"गोळ्याही खऱ्या आणि बायकोही खरी. औषधच तिच्या अंगातून दुप्पट वेगानं बाहेर पडतंय," असं म्हणत डॉक्टर दिव्याकडे वळले.

"शेवटची पाळी कधी आली होती?"